वाइनचे ग्लास घरात नीट ठेवायचे तर

वाइनच्या ग्लासची वाइनशी गाठ पडते ती तास-दोन तासांपुरती. बाकी सगळा काळ तो कपाटात असतो. त्यामुळे ग्लास किती वर्षं टिकणार हे बरंचसं कपाटातच ठरतं, आणि सिंकपासून कपाटापर्यंतच्या वाटेत.

आपली स्वयंपाकघरं या ग्लाससाठी बांधलेली नाहीत, ही पहिली अडचण. महाराष्ट्र सरकारनं २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, नाशिककडे आणि पुण्याकडे वायनरी वाढल्या आणि शहरांतल्या बऱ्याच घरांत दांडीचे ग्लास येऊ लागले. पण घरातली मांडणी राहिली पूर्वीचीच: कडाप्प्याच्या फळ्या, भिंतीवरचा स्टीलचा रॅक, ओट्याखालच्या ट्रॉल्या. ही सोय एकात एक बसणाऱ्या, एकमेकांवर आपटल्या तरी फार तर पोचा पडणाऱ्या भांड्यांची आहे. वाइनचा ग्लास एकात एक बसत नाही, आडवा ठेवला तर घरंगळतो आणि कडाप्प्यावर जरा जोरात टेकला तरी त्याचा टवका उडतो.

ग्लासची रचना आधी समजून घेऊ. वरचा काठ, त्याखाली फुगीर पोट, मग दांडी आणि तळाला गोल बूड. स्वस्त ग्लासचा काठ पाहा. त्याला बारीक गोट असतो, बोट फिरवलं की जाडी लागते. हा गोट ओठाला जड वाटतो, पण काठाला बळकटी देतो. महाग, पातळ ग्लासचा काठ कापून आणि आचेवर गुळगुळीत करून घेतलेला असतो. त्याची जाडी जेमतेम एक मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी. पिताना सुख त्याचंच, आणि टवका उडायची भीतीही त्यालाच. दांडीचेही दोन प्रकार आहेत. एकात पोटाच्याच काचेतून दांडी ओढून काढलेली असते; पोट आणि दांडी यांच्यामध्ये सांधा नसतो. दुसऱ्यात दांडी वेगळी करून जोडलेली असते आणि उजेडात धरलं की जोडाची रेघ दिसते. जोडलेली दांडी वाईट असं नाही, पण पीळ बसला तर ती तिथे सुटू शकते.

काच नेमकी फुटते कशी, हे कळलं की पुढचे सगळे नियम पाठ करावे लागत नाहीत. ए. ए. ग्रिफिथ या ब्रिटिश अभियंत्यानं १९२१ मध्ये याचं उत्तर मांडलं. काच तिच्या रासायनिक बंधांवरून जितकी मजबूत असायला हवी, त्याच्या कितीतरी कमी ताणाला ती फुटते, कारण तिच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म चरे असतात आणि सगळा ताण त्या चऱ्यांच्या टोकाशी एकवटतो. शाम्पूच्या पुडीला काठावर खाच असली की ती तिथून सरळ फाटत जाते, तसंच हे. नुकत्याच ओढलेल्या, कशालाही न टेकलेल्या काचेच्या तंतूची ताकद जाड काचेच्या मानानं प्रचंड असते. म्हणजे ग्लासला दुसऱ्या ग्लासचा, नळाचा, दगडी फळीचा झालेला प्रत्येक स्पर्श त्याची थोडी ताकद नेतो. त्या क्षणी काही दिसत नाही.

त्यात ओलाव्याची भर पडते. चऱ्याच्या टोकाशी पाण्याची वाफ पोचली की तिथले सिलिकॉन-ऑक्सिजनचे बंध हळूहळू तुटत जातात आणि चरा अगदी सावकाश वाढतो. ‘कुणी हातही लावला नव्हता, कपाटात आपोआप तडकला’ असं लोक सांगतात, त्यात तथ्य असू शकतं. धक्का आधी कधीतरी बसलेला असतो आणि तडा मागाहून जातो. दमट हवेच्या मुंबईत आणि कोकणात ग्लास एकमेकांना टेकू न देण्याची काळजी म्हणूनच जास्त घ्यावी.

आता नेहमीचा प्रश्न: ग्लास उभा ठेवायचा की उपडा? उपडा ठेवणाऱ्यांचं म्हणणं असतं की आत धूळ जात नाही. ते खरं आहे. पण उपड्या ग्लासचा सगळा आधार त्याच्या सर्वांत नाजूक भागावर येतो. नुसतं वजन काठाला जड नाही, कारण साधा ग्लास दीडशे-दोनशे ग्रॅमच्या आसपास असतो. धोका टेकवतानाच्या टकरीचा आणि मागे सरकवतानाच्या घासण्याचा. शिवाय पोटात कोंडलेली हवा तिथेच राहते; ग्लास किंचित ओला असेल तर ती कुबट होते आणि फळीचा वास आत भरतो. माझं मत स्पष्ट आहे: दार बंद होणाऱ्या कपाटात ग्लास उभे, सरळ, बुडावर ठेवावेत. उघड्या फळीवर ठेवायचे असतील तर ते टांगावेत. टांगलेला ग्लास उपडा असतो खरा, पण त्याचा काठ कशालाच टेकत नाही, म्हणून ती मांडणी चांगली. नुसत्या फळीवर उपडा ठेवणं मात्र दोन्हीकडून वाईट.

वासाचा मुद्दा आपल्याकडे जितका मनावर घ्यायला हवा तितका घेतला जात नाही. वाइन ग्लासचं पोट फुगीर आणि तोंड आवळलेलं असतं, ते वास आत धरून ठेवण्यासाठी. वाइन चाखण्याच्या ग्लाससाठी १९७७ मध्ये आयएसओ ३५९१ हे आंतरराष्ट्रीय मानक ठरलं. त्यात पोटाचा व्यास सुमारे ६५ मिलिमीटर आणि तोंडाचा सुमारे ४६ मिलिमीटर आहे. हे तोंड वाइनचा सुगंध जसा राखतं, तसाच कपाटातला वासही राखतं. नव्या प्लायवूडचा आणि चिकटवलेल्या सनमायकाचा वास कित्येक आठवडे जात नाही. शेजारच्या खणात हिंगाची डबी असली, मसाले असले, वर कुणी डांबरगोळ्या ठेवल्या असल्या, तर ते सगळं ग्लासमध्ये उतरतं. नवं फर्निचर केलं असेल तर दारं उघडी ठेवून ते आधी चांगलं वाऱ्यावर जाऊ द्यावं, मगच ग्लास लावावेत. आणि पाहुण्यांसमोर ठेवण्याआधी प्रत्येक ग्लास नाकाशी धरावा. पुठ्ठ्याचा, लाकडाचा, साबणाचा वास आला तर साध्या पाण्यानं विसळून पुसून घ्यावा. बाटली उघडलेलीच असेल तर चमचाभर वाइन त्यात फिरवून तीच पुढच्या ग्लासमध्ये ओतत जावी. वाइनच्या जाणकारांमध्ये ही रीत जुनी आहे.

टांगायच्या रॅककडे जरा सावकाश पाहू, कारण तिथे एक-दोन सेंटिमीटरनं सगळं बिघडतं. रॅक म्हणजे समांतर पट्ट्या. दोन पट्ट्यांमधल्या फटीतून दांडी सरकते आणि बूड पट्ट्यांवर टेकतं. मिस्त्रीला बोलावण्याआधी घरातल्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान ग्लासची तीन मापं घ्या: बुडाचा व्यास, पोटाचा सर्वांत रुंद भाग आणि पूर्ण उंची. फट साधारण दोन ते अडीच सेंटिमीटर पुरते, कारण दांडी त्यातून मोकळी सरकली पाहिजे. बूड दोन्ही बाजूंना किमान एक-दीड सेंटिमीटर तरी टेकलं पाहिजे. लहान बुडाचा ग्लास रुंद फटीत तिरका झाला की निसटतो.

मग दोन फटींमधलं अंतर. इथे बुडाचं माप धरायचं नाही, पोटाचं धरायचं. रेड वाइनच्या मोठ्या ग्लासचं पोट दहा सेंटिमीटर असेल तर एका फटीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत अकरा सेंटिमीटर हवेत. बाजारातल्या तयार रॅकमध्ये हे अंतर बऱ्याचदा कमी असतं, आणि शेजारच्या दोन रांगांतले ग्लास दर वेळी एकमेकांना लागतात. तयार रॅक घेतलाच असेल तर एक रांग सोडून एक वापरा. साठ सेंटिमीटर रुंदीच्या कपाटात असे मोठे ग्लास पाच रांगांत बसतात. कपाटाची खोली तीस सेंटिमीटर असेल तर एका रांगेत दोनच ठेवा. दहा सेंटिमीटरचे तीन ग्लास हिशेबात बसतात, पण मध्ये बोटभरही जागा उरत नाही. म्हणजे दहा ग्लास झाले. पांढऱ्या वाइनचे आठ सेंटिमीटर पोटाचे ग्लास असतील तर एका रांगेत तिसराही सुखानं मावतो.

रॅक ज्या फळीला खालून लावायचा, ती अठरा मिलिमीटर प्लायवूडची असावी. भुशाच्या बोर्डात स्क्रू कालांतरानं ढिले होतात. वजनाची चिंता नको. दहा ग्लास मिळून जेमतेम दीड-दोन किलो भरतात. वाइनची एक भरलेली बाटलीच सव्वा किलोच्या वर जाते, म्हणून बाटल्यांची फळी वेगळी आणि भक्कम असावी, आणि ती ग्लासच्या वर कधीही नसावी. ग्लासच्या काठाखाली निदान चार बोटं जागा मोकळी ठेवा, म्हणजे खालचं काही उचलताना हात काठाला लागत नाही. रांगेच्या पुढच्या टोकाला छोटीशी उंच कड किंवा आडवी खुंटी असावी. जोरात लावलेल्या दारांच्या धक्क्यानं ग्लास मिलिमीटर मिलिमीटर करत पुढे सरकतात. कोयनेच्या परिसरात, जिथे ११ डिसेंबर १९६७ चा मोठा भूकंप झाला आणि त्यानंतरही लहान धक्के बसत आले आहेत, तिथे उघडा रॅक या कडेशिवाय लावूच नये.

उघडा रॅक गॅसच्या जवळही नको. फोडणीची वाफ वर जाते, तेलाचा पातळ थर काचेवर बसतो आणि त्यावर धूळ चिकटते. हा थर नुसत्या पाण्यानं निघत नाही. घासावा लागतो, आणि घासलं की चरे पडतात. जेवणाच्या टेबलाजवळची किंवा बैठकीच्या खोलीतली भिंत यासाठी केव्हाही बरी.

ग्लास दिसावेत असं वाटत असेल तर काचेच्या दाराचं शोकेस सर्वांत चांगलं. उजेडानं साध्या पारदर्शक काचेचं काही बिघडत नाही, तेव्हा एलईडीची पट्टी बिनधास्त लावा. ती मागून किंवा वरून असावी. खालून लावली तर धुळीचा कणन् कण उठून दिसतो. फळी काचेची असेल तर टफन केलेली, आठ मिलिमीटरची घ्या आणि ग्लासच्या बुडाखाली पातळ फेल्ट किंवा सुती पट्टी घाला. मागे उंच, पुढे बुटके, आणि दोन ग्लासच्या पोटांमध्ये बोट जाईल इतकी जागा. मागचा ग्लास काढायला पुढचे दोन हलवावे लागत असतील तर मांडणी चुकली आहे, ती बदला. दारांना सावकाश मिटणाऱ्या बिजागऱ्या बसवून घेतल्या तर तो खर्च एक-दोन ग्लास वाचले की वसूल होतो.

जागेची उंची छाती ते डोळे यांच्या मधली असावी. डोक्यावरच्या खणात हात घातला की बूड हाताला लागतं, पण काठ कुठे आपटतोय ते दिसत नाही. ट्रॉलीचा ड्रॉवर मला मुळीच मान्य नाही. तो ओढला की ग्लास मागे झुकतात, ढकलला की पुढे. दुसरी जागाच नसेल तर ड्रॉवरमध्ये प्रत्येक ग्लाससाठी वेगळा कप्पा करून घ्या. सिंकखालचं कपाट ओलाव्यामुळे बाद.

धुणं आणि पुसणं हा साठवणीचाच भाग आहे, कारण ओला किंवा साबण राहिलेला ग्लास कपाटात गेला की पुढचं सगळं बिघडतं. भांडी घासायला येणाऱ्या मावशींच्या ढिगात वाइनचे ग्लास टाकू नयेत. त्यात त्यांचा दोष नसतो. तारेची घासणी आणि कढई यांच्यामध्ये पातळ काच वाचणं कठीणच. ग्लास रात्री नुसते पाण्यानं विसळून ओट्यावर मागे सरकवून ठेवावेत आणि सकाळी शांतपणे, एकेक करून धुवावेत. सिंकमध्ये जाड टॉवेल पसरा, कोमट पाणी घ्या, द्रव साबणाचा एखादा थेंब आणि मऊ स्पंज. फ्रिजमधून काढलेल्या थंड ग्लासवर कढत पाणी ओतू नका. साधी सोडा-लाइम काच उष्णतेनं बोरोसिलिकेट काचेच्या जवळपास तिप्पट प्रसरण पावते आणि अशा फरकानं तडकते.

पुसताना दांड्या मोडतात त्या एकाच चुकीनं. एका हातात बूड घट्ट धरायचं आणि दुसऱ्या हातानं फडकं पोटात घालून फिरवायचं, असं केलं की पोट एकीकडे, बूड दुसरीकडे आणि सगळा पीळ दांडीत. तो तुकडा तळहातात घुसतो, म्हणून हे नुसतं ग्लास वाचवण्यापुरतं नाही. पोट पुसायचं तेव्हा पोटच धरायचं: डाव्या तळव्यावर फडक्याचं एक टोक, त्यावर ग्लासचं पोट, आणि फडक्याचं दुसरं टोक उजव्या अंगठ्यानं आत घालून हलकेच फिरवायचं. मग दांडी. मग बूड, बूड धरून. मूठ आत घालायची नाही. फडकं मायक्रोफायबरचं किंवा अनेकदा धुतलेल्या जुन्या धोतराचं असावं, आणि ते धुताना सुगंधी कंडिशनर वापरलेला नसावा. सुती फडक्याचे बारीक तंतू काचेला चिकटून राहतात. स्पार्कलिंग वाइनच्या उंच ग्लासमध्ये बुडबुड्यांच्या ज्या माळा उठतात, त्या बहुतांशी अशाच तंतूंपासून सुरू होतात, हे फ्रान्समधल्या रीम्स विद्यापीठाचे जेरार लिजे-बेलेर यांनी दाखवून दिलं आहे.

बोअरचं पाणी असलेल्या सोसायट्यांमध्ये ग्लासवर पांढुरका थर येतो. एक भाग पांढरं व्हिनेगर आणि तीन भाग पाणी यांत ग्लास पंधरा-वीस मिनिटं ठेवा. लिंबूसत्त्वाचं पाणीही चालतं. धुकट थर निघाला तर तो क्षारांचा होता. निघाला नाही तर काचच खरवडली गेली आहे, आणि ते परत सुधारत नाही. डिशवॉशरच्या कढत पाण्यानं आणि तीव्र पावडरनं असं होतं.

दमट जागी वर्षानुवर्षं बांधून ठेवलेल्या काचेचंही हेच होतं. ओलाव्याचा पातळ थर काचेतलं सोडियम बाहेर ओढतो, तो थर अल्कधर्मी होतो आणि काचेलाच खाऊ लागतो. गोदामात काचेच्या मोठ्या तावांमध्ये कागद किंवा पावडर घालतात त्याचं एक कारण हेच. म्हणून माळ्यावर ठेवायचे ग्लास वर्तमानपत्रात गुंडाळू नका; तो कागद ओलावा धरतो आणि शाईही सोडतो. कोरा पांढरा कागद घ्या. आधी दांडीभोवती कागदाची जाड गुंडाळी करा, इतकी की दांडी पोटाच्या रुंदीला येईल. मग पोटात कागद सैल भरा, कोंबू नका. मग पूर्ण ग्लास गुंडाळून कप्प्यांच्या खोक्यात उभा ठेवा, आडवा कधीच नाही. वाइनच्या बाटल्यांच्या खोक्यातले कप्पे साधारण आठ सेंटिमीटरचे असतात. त्यांत पांढऱ्या वाइनचे बारीक ग्लास कसेबसे जातात, रेडचे मोठे जात नाहीत. सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या आत टाका आणि पावसाळा संपल्यावर खोकं एकदा उघडून वारं लागू द्या.

जुन्या लेड क्रिस्टलबद्दल एवढंच. इंग्लंडमध्ये जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्टनं १६७४ मध्ये पेटंट घेतलेली शिशाची काच जड असते, टिचकी मारल्यावर लांब नाद देते. अशा ग्लासमधून तासभर वाइन प्यायला हरकत नाही, पण त्या काचेच्या डिकँटरमध्ये मद्य साठवून ठेवू नये, कारण शिसं त्यात उतरतं. गर्भवतींनी आणि मुलांनी ती भांडी वापरूच नयेत.

शेवटी प्रश्न राहतो संख्येचा. ऑस्ट्रियाच्या क्लाउस रीडेल यांनी १९७३ मध्ये वाइनगणिक वेगळ्या आकाराच्या ग्लासची मालिका बाजारात आणली, आणि तेव्हापासून प्रत्येक वाइनला वेगळा ग्लास हवा असं वाटणारे वाढत गेले. दोन बेडरूमच्या घराला ते झेपत नाही आणि त्याची गरजही नाही. चारशे मिलिलिटरच्या आसपासचे एकाच आकाराचे सहा ग्लास नाशिकच्या शेनीन ब्लांकला आणि शिराजला दोन्हीला चालतात. फळ्यांची उंची फारच कमी असेल तर आयएसओच्या मापाचे ग्लास घ्या. त्यांची उंची साडेपंधरा सेंटिमीटर आहे, ते कुठल्याही खणात उभे राहतात. सहा ग्लास एकमेकांना न टेकता उभे राहतील एवढीच जागा असेल तर सहाच ठेवा आणि बाकीचे वापरणाऱ्या कुणाला तरी देऊन टाका. आणि आज वेळ झाला की कपाट उघडून बघा: सनमायकावर उपडे ठेवलेले जेवढे असतील तेवढे सरळ करा, काठावरून बोटाऐवजी सुती फडकं फिरवून टवका लागतो का पाहा, आणि टवका असलेला ग्लास कितीही आवडीचा असला तरी बाजूला काढा.